सिनेमात फुटलेलं कपाट

चांगले नट असले की सिनेमा चांगलाच होणार, अशी माझी पक्की समजूत होती. नाटकवेड्या घरात वाढलेल्या माणसाची असते तशी. ती समजूत वसईच्या एका टॉकीजमध्ये, दुपारच्या खेळाला, मध्यंतराच्या थोडी आधी मोडली. एकटी गेले असते तर सिनेमाला दोन शिव्या घालून घरी आले असते. पण त्या दिवशी आमच्या आजूबाजूला वसईजवळच्या गिरीज गावची माणसं रांगभर बसली होती, आणि त्यांना आम्हीच आग्रह करकरून आणलं होतं.

आम्हाला वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत राहायला येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मी पश्चिमेला एका शाळेत शिकवत होते. नवरा मुंबईच्या एका कंपनीत इंजिनीअर होता. होता असंच म्हणायचं, कारण एके दिवशी तो नोकरी सोडून घरी आला आणि वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेऊन बसला. "दुसऱ्यांच्या यंत्रांची देखभाल करत म्हातारं व्हायचं नाही मला," म्हणाला. मी विचारलं, "मग कशाची देखभाल करत म्हातारे होणार?" तर म्हणाला, "स्वतःच्या." मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी तो फार आवडलाही. लग्न झालेल्यांना हे समजावून सांगायला नको.

गाळ्यात तो पोटापाण्यापुरती बाहेरची कामं करायचा. पत्रा वाकवून दे, जोड मारून दे, कुणाचा तरी पंप उघडून दे. उरलेल्या वेळात त्याचं स्वतःचं यंत्र चालायचं. सुकेळी सुकवण्याचं यंत्र. वसईकराला सुकेळी म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची, हाताने परतायची. असं बरेच दिवस केल्यावर मधासारखा रंग येतो आणि मग ती सुक्या पानात बांधून विकायची. सगळा खेळ उन्हाचा. मध्येच मळभ आलं की केळ्यांवर बुरशी चढते आणि घरादाराची मेहनत उकिरड्यावर जाते. माझ्या शाळेतल्या गिरीजच्या मुली सांगायच्या, ढग आले की आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. मी ते घरी येऊन बोलले, आणि तिथेच चूक झाली. नवऱ्याच्या डोक्यात किडा शिरला.

त्याने बनवलं ते पत्र्याचं एक उंच कपाट. आत एकाखाली एक जाळीचे कप्पे, खाली करवंट्यांवर चालणारी भट्टी, मागे गरम हवा फिरवणारा पंखा आणि वर धूर बाहेर काढायला चिमणी. त्याने त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. आजूबाजूच्या गाळ्यांतले लोक त्याला कपाट म्हणायचे आणि मीसुद्धा. शाळा सुटल्यावर मी थेट गाळ्यात जायची, जाळ घालायची, झडपा कमीजास्त करायची, जाळ्या घासायची. बाजारातून आणलेल्या केळ्यांवर आमचे प्रयोग चालायचे. पहिली केळी कोळसा झाली, पुढची चामड्यासारखी, त्यापुढची बाहेरून सुकी आणि आतून कच्ची. ती सगळी आम्हीच खाल्ली. शेवटी एकदा अशी निघाली की नवऱ्याने एक खाऊन लगेच दुसरं उचललं. मग मला म्हणाला, "आता गिरीजला जायचं."

गिरीजला ज्यांच्याकडे गेलो त्या मावशींची नात माझ्या वर्गात होती. मोठी वाडी, दोन्ही सुना हाताशी, आणि त्यांच्या घरची सुकेळी नाताळाला मुंबईपर्यंत जायची. घरातल्या माणसांशी त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, ती मला निम्मीच कळायची. आमच्याशी आमच्यासारखं बोलायच्या. गावातल्या सगळ्यांना अरेतुरे, मला मात्र टीचर आणि तुम्ही. नवऱ्याला त्यांनी पहिल्या भेटीतच मिस्त्री करून टाकलं. इंजिनीअर माणसाला ते झोंबलं होतं. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुझं कपाट चालताना बघितल्याशिवाय मी माझी केळी देणार नाय. आणि मी नाय दिली तर गावात कोण देणार नाय." त्यात बढाई नव्हती. तसंच होतं ते.

तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता, राजेळीचा हंगाम संपला होता. दाखवायचं तर दिवाळीनंतरच. आणि नेमका त्याच दिवसांत तो सिनेमा आमच्या गाळ्यात येऊन थडकला.

सिनेमावाल्यांना खरीखुरी कार्यशाळा हवी होती. सिनेमा शोध लावणाऱ्या माणसांवर होता: एक रिटायर झालेला बाप, दोन मुलं, तिघेही घरात काहीबाही यंत्रं बनवतात, लोक हसतात, शेवटी सगळ्यांचे डोळे उघडतात. विनोदी पण हृदयस्पर्शी, असं दिग्दर्शक म्हणाला. त्याने नटांची नावं सांगितली तेव्हा मी बसल्या जागेवरून उठले. ज्यांची नाटकं बघायला मी माहेरी असताना बाबांबरोबर ठाण्यापर्यंत जायची, ते बापाच्या भूमिकेत. आईच्या भूमिकेत जिच्या नुसत्या मान वळवण्यावर थिएटर शांत व्हायचं ती बाई. मुलंही रंगभूमीवर तावून सुलाखून निघालेली. मी मनात म्हटलं, आता आमच्या कपाटाचं भाग्य उघडलं.

दिग्दर्शकाने कपाटाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यातून धूर येतो ना?"

"अजिबात नाही," नवरा अभिमानाने म्हणाला. "धूर केळ्यांना लागू नये म्हणून तर ही चिमणी."

"पण आम्हाला यायला हवा."

नवऱ्याने त्याला चिमणीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. दिग्दर्शकाने मान डोलावली आणि सांगितलं, "थोडा तरी." मग त्यांना कपाट थरथरायला हवं होतं. ते थरथरेना, कारण नवऱ्याने ते जमिनीत बोल्ट मारून घट्ट बसवलं होतं. त्यांच्या दोन माणसांनी मागे लपून ते हलवायचा प्रयत्न केला, त्यांचीच पाठ भरली. त्यांनी चिमणीत कापूस कोंबला, तर पुढच्या शॉटच्या आधी नवऱ्याने न सांगता तो काढून ठेवला. त्याला ते बघवेचना. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. शेवटी त्यांनी कपाटाची सगळ्या बाजूंनी मापं घेतली, फोटो काढले, आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमचं हे यंत्रच आमच्या सिनेमाचा हिरो आहे." आम्ही ते खरं मानलं. मापं कशाला घेतली, हे विचारायचं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या मोठ्या नटाबद्दल मात्र एक सांगितलंच पाहिजे. बाकीचे मधल्या वेळात गाडीत जाऊन बसायचे, हे गाळ्यात स्टूल टाकून नवऱ्याकडे बघत राहायचे. नवऱ्याला एक सवय आहे. कपाट तापायला लागलं की तो बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करतो आणि कान लावतो. "यातून काय कळतं?" असं त्यांनी विचारलं. नवरा लाजला. "काही नाही, धीर येतो," म्हणाला. ते हसले नाहीत. त्यांनीही पत्र्याला कान लावला. आणि त्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही इथे काय करता?" मी सांगितलं, शाळेतून येते, जाळ घालते, जळलेल्या जाळ्या घासते, चुकलेलं खाते. त्या म्हणाल्या, "हे माझ्या भूमिकेत असायला हवं होतं." मग त्यांना हाक आली आणि त्या चहाचा ट्रे घेऊन शॉट द्यायला गेल्या.

सिनेमा घाईघाईत पुरा झाला आणि गणपती उरकल्यावर लागलाही. नवऱ्याने काय करावं? तो थेट गिरीजला गेला आणि मावशींना म्हणाला, "तुम्हाला कपाट चालताना बघायचं होतं ना? पडद्यावरच बघा. मोठ्ठं दिसेल." दुसरा कुणी असता तर दिवाळीपर्यंत थांबला असता. पण आम्ही दोघंही गाळ्यात सिनेमा शिरल्यापासून जमिनीवर नव्हतो. मावशी, त्यांच्या सुना, शेजारच्या वाड्यांतली माणसं, पोरंसोरं, सगळ्यांना तिकिटं काढून दिली. मावशी रविवारी चर्चमध्ये मिस्साला नेसतात ती साडी नेसून आल्या होत्या.

पहिल्या काही मिनिटांतच आमचा गाळा दिसला तेव्हा रांगेत आनंदीआनंद झाला. मग मध्यंतराच्या थोडं आधी कपाट दिसलं. नवऱ्याने माझा हात धरला. पडद्यावर बाप कपाटापाशी जातो, पत्र्यावर टकटक करतो, कान लावतो. अगदी माझा नवरा. तसाच वाकलेला, तसाच श्वास रोखलेला. माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढच्याच क्षणी कपाट फुटलं. दारं उडाली, काळा धूर, केळी सगळीकडे, एक केळं शेजाऱ्याच्या तोंडात, एक पोलिसाच्या टोपीवर. टॉकीज हसत होतं. आमच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर उड्या मारत होती. नवऱ्याने माझा हात सोडला.

मापं त्यासाठी होती. प्लायवूडचं हुबेहूब कपाट बनवून त्यांनी ते कुठल्याशा स्टुडिओत उडवलं होतं.

सिनेमा संपल्यावर मावशी पायऱ्यांवर थांबल्या. त्या एकदाही हसल्या नव्हत्या, मी बघत होते. म्हणाल्या, "मिस्त्री, तुझं कपाट फुटतं रे."

"मावशी, ते लाकडाचं होतं. खोटं होतं."

"खोटं होतं तर आम्हाला कशाला दाखवलंस?"

त्या पदर सावरून रिक्षाकडे गेल्या.

मग गिरीजमध्ये, बाजारात, माझ्या शाळेत सगळीकडे तेच. "टीचर, तुमच्या मिस्टरांचं कपाट फुटलं?" मुली हसू दाबत विचारायच्या. वालीवला शेजारच्या गाळ्यातले लोक नवरा जाळ घालायला लागला की मुद्दाम कानांवर हात ठेवायचे. थट्टाच ती, पण रोजची थट्टा माणसाला कुरतडते. नवऱ्याने कपाटावर ताडपत्री घातली आणि बाहेरची कामंच करायला लागला. घरी जेवताना मीठ मागायलाही बोलेना. मला त्याचा नाही, त्या सिनेमाचा राग येत होता. असा राग की मी शनिवारी शाळा सुटल्यावर एकटीच तो पुन्हा बघायला गेले.

टॉकीज जवळजवळ रिकामं होतं. लोकांनाही तो आवडला नव्हताच. मी वर्गात पेपर तपासते तसा तो सिनेमा तपासला. पहिला अर्धा भाग हसवायला निघालेला, दुसरा रडवायला, आणि मध्ये दोघांची ओळखच करून दिलेली नाही. जो बाप मध्यंतरापर्यंत विदूषक होता तो नंतर एकदम संत होतो. मुलांना शोध कसे लागतात? एक जण अंघोळ करताना ओरडतो, दुसरा स्वप्नात बघतो. बिचारे नट. इतकी गुणी माणसं, आणि लेखकाने त्यांना करायला कामच दिलं नव्हतं. त्या बाई सिनेमाभर चहा आणत होत्या आणि कपाळाला हात लावत होत्या. तरी एकदा, ट्रे ठेवताना, त्यांनी पदराने टेबलावरची राख पुसली. कुणी सांगितलं नसणार ते. त्या बापाने पत्र्याला कान लावला ते दृश्य आलं तेव्हा मला पुन्हा भरून आलं. त्या नटाने आपलं काम चोख केलं होतं. सिनेमाने केलं नव्हतं.

पण माझं खरं डोकं फिरलं ते स्फोटानंतर. कपाट फुटतं, लोक हसतात, आणि पुढच्या दृश्यात तीच जागा झाडूनपुसून लख्ख, मध्ये नवीन यंत्र उभं. मी खुर्चीत पुढे सरकून बसले. ते आवरलं कुणी? ती केळी खरवडून काढली कुणी, वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला कुणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळ घालायची हिंमत कुणी केली? त्या दोन दृश्यांच्या मध्ये आमचं सगळं आयुष्य होतं आणि ते या लोकांनी कापून टाकलं होतं. मी टॉकीजमधून बाहेर पडले ती ठरवूनच. गिरीजमध्ये हे कपाट चालणार, आणि ते मी चालवून दाखवणार. नवरा येवो न येवो.

बोलणं सोपं होतं. दिवाळी गेली, हंगाम सुरू झाला, मांडवांवर केळी पडली, ऊन छान पडत होतं. कपाटाची कुणाला गरजच नव्हती. मी दोनदा मावशींकडे गेले. दोन्ही वेळा त्यांनी मला खायला दिलं, नातीच्या अभ्यासाचं विचारलं आणि कपाटाचा विषय निघाला की केळी परतायला उठून गेल्या. इकडे नवऱ्याच्या जुन्या कंपनीतून निरोप आला. जागा रिकामी झाली होती. शुक्रवारी येऊन भेटा, सोमवारपासून कामावर या. तो म्हणाला, "जातो. गाळा सोडून देऊ." मी म्हटलं, "आणि कपाट?" "भंगारात." इतक्या शांतपणे म्हणाला की मला भीती वाटली. चिडला असता तर मी भांडले असते. हा माणूस शांत झाला म्हणजे आतून विझत चालला, हे मला ठाऊक होतं. त्याने परत नोकरी केली असती तर आमचं काही वाईट झालं नसतं. पण मग तो पुन्हा कधी कुठल्या पत्र्याला कान लावणार नव्हता, आणि मला तो तसला नवरा नको होता.

त्याच आठवड्यात मळभ आलं. नाताळ जवळ आलेला आणि आभाळ राखेसारखं. गुरुवारी मावशींची नात वर्गात डोळे सुजवून बसली होती. तिने सांगितलं, घरची अर्धी सुकलेली सगळी केळी मांडवावरून उतरवून घरात आणलीत, एका बाजूला पांढरं दिसायला लागलंय, आणि आजी कुणाशी बोलत नाही.

शुक्रवारी सकाळी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईला गेला. मी शाळेत दोन दिवसांची रजा सांगितली, गाळ्याची दुसरी किल्ली घेतली आणि वालीवला गेले. शेजारच्या गाळ्यातल्या त्या कानांवर हात ठेवणाऱ्यांनाच म्हटलं, "चला, हसलात ना इतके दिवस, आता बोल्ट काढा." त्यांनी मुकाट्याने काढले. टेम्पो बोलावला, कपाट आडवं घातलं, आणि मी ड्रायव्हरशेजारी चिमणी मांडीवर घेऊन बसले. पूल ओलांडून पश्चिमेला जाईपर्यंत मागे फिरायचा विचार एकदाही मनात आला नाही.

मावशी अंगणातच होत्या. टेम्पो बघून म्हणाल्या, "टीचर, हे काय आणलंत?"

"कपाट."

"नेऊन टाका."

"मावशी, खराब व्हायला लागलेली द्या. फेकायचीच आहेत ना? ती माझ्याकडे द्या. बिघडली तर तुमचं काय जाणार आहे?"

"तुम्हाला चालवता येतं?"

"सिनेमात त्या बाई चहा आणतात," मी म्हटलं. "गाळ्यात जाळ मीच घालत होते."

मावशी सुनेला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या आणि सून केळ्यांची एक पाटी घेऊन आली. चांगली नव्हे, कडेने पांढरी झालेली. ड्रायव्हरने वाडीतल्या दोघांना घेऊन कपाट उतरवून उभं केलं, चिमणी बसवली, आणि मी केळी खरवडून, पुसून जाळ्यांवर मांडली. ओसरीवरच्या विजेच्या बटणातून पंख्याला वायर ओढली. करवंट्या मागितल्या. मुलांनी करवंट्यांबरोबर नारळावरची ओली सोडणं, काथ्याची सालं, तीही आणून टाकली, आणि घाईत मी तीही भट्टीत कोंबली.

अंगणात असा धूर झाला म्हणता! काळा, जाड, सिनेमातल्यासारखा. कोंबड्या पळाल्या, पोरं "फुटलं, फुटलं" ओरडत कुंपणापर्यंत गेली, शेजारपाजारची माणसं वाडीच्या वाटेवर उभी राहून हसायला लागली. दोन्ही सुना ओसरीवर चढल्या. मावशी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकला थांबत नव्हता, आणि त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की वाटलं, हे सगळं इथेच टाकून पळून जावं. पण मग आठवलं, या दृश्यानंतर सिनेमात कापलेलं असतं. इथे कुणी कापणार नाही. मी पदर कमरेला खोचला, चिमट्याने ती ओली सोडणं एकेक करून बाहेर ओढली, विझवली, भट्टी रिकामी केली. पत्रा पुसला. धूर लागलेली केळी बाजूला काढली. मग सुक्या करवंट्या निवडून पुन्हा जाळ घातला. बघणाऱ्यांचं हसणं हळूहळू ओसरलं. यंत्र आवरत बसलेल्या बाईकडे बघण्यात कुणाला फारशी मजा वाटत नाही.

दुपार कलली तेव्हा फाटकाजवळ नवऱ्याची स्कूटर थांबली. गाळा रिकामा बघून तो शेजाऱ्यांना विचारत तसाच आला होता, इस्त्रीच्या शर्टात. मला वाटलं, आता ओरडणार. त्याने माझं काळं तोंड बघितलं, अंगणातली काळी सोडणं बघितली, कपाटाकडे गेला. टकटक केलं. कान लावला. मग मागे न वळता म्हणाला, "वरची झडप थोडी कमी कर. फार ओढतंय."

मी कमी केली. त्याने बाह्या दुमडल्या.

संध्याकाळी तो म्हणाला, "सोमवारी या म्हणालेत." मी म्हटलं, "बरं." शनिवारीही मळभ होतं. आम्ही सकाळी येऊन दोघं तिथेच बसून होतो, कप्पे खालीवर करत, केळी परतत. मावशी येऊन-जाऊन बघायच्या, एखादं बोटाने दाबायच्या आणि निघून जायच्या. दुपारी सुनेने आमच्यासाठी भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण पाठवलं. मी मनात म्हटलं, चला, निदान उपाशी तरी घालवत नाहीत.

रविवारी मिस्साहून आल्यावर मावशींनी कपाटाचं दार स्वतः उघडलं. मधल्या कप्प्यातलं एक सुकेळं उचललं, उजेडाकडे धरलं, मोडलं आणि तोंडात घातलं. चावत राहिल्या. दोन्ही सुना, पोरं, कुंपणाबाहेरची माणसं, सगळी त्यांच्या जबड्याकडे बघत होती. नवरा जमिनीकडे बघत होता.

"उन्हाची गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, संपलं. पण त्यांनी साडी सावरून ओसरीवर बैठक मारली, सुक्या पानांची जुडी पुढे ओढली आणि एकेक सुकेळं पानात घालून बांधायला सुरुवात केली. न विकता येणारं सुकेळं त्या घरात कुणी कधी पानात बांधत नाही. त्यांनी तिसरं बांधलं, चौथं बांधलं, आणि मान वर न करता सुनेला म्हणाल्या, "आतली पाटी पन आन गं. चांगली आन." मग नवऱ्याकडे बघून, "मिस्त्री, उद्या पन ऊन दिसत नाय. उद्या येशील ना?"

"उद्या सोमवार," नवरा म्हणाला.

"मग? सोमवारी काय?"

त्याने त्यांच्या मांडीवरच्या बांधलेल्या पानांकडे बघितलं. मला त्याला काही सांगायचं नव्हतं. सांगायचं ते मी टेम्पोत घालून आणलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "खालच्या कप्प्यातली जरा ओली राहतायत. उद्या आधी तेवढं बघावं लागेल."

मी तोंड फिरवलं आणि भट्टीतल्या करवंट्या उगाचच सारख्या करायला लागले. डोळे भरून आले होते, आणि धुराने आले म्हणावं तर जाळ अगदी स्वच्छ चालला होता.